बुलढाण्यातली इस्त्री: निखाऱ्यापासून वाफेपर्यंत

बारा बलुत्यांत परीट होता. वऱ्हाडात त्याला वरठी म्हणत. गावाचे कपडे तो नदीवर धुऊन आणायचा आणि सुगीत खळ्यावरून आपलं बलुतं न्यायचा. इस्त्रीला त्यात फारसं स्थान नव्हतं. रोजचा सदरा घडी करून गादीखाली ठेवला की झालं. फारच अडलं तर तांब्यात निखारे घालून तो तांब्या कापडावरून फिरवायचा. इस्त्री लागायची ती लग्नाला, मुलगी बघायला जाताना, नाहीतर कचेरीत काम निघालं तर.

पुढे खामगाव, मलकापूर, चिखलीसारख्या बाजारपेठांत लाँड्र्या आल्या आणि खळ घातलेलं पांढरंशुभ्र धोतर ही प्रतिष्ठेची खूण झाली. कोळशाची इस्त्री चालवणं सोपं काम नव्हे. निखारे फुलवायचे, राख झटकायची, ओल्या फडक्यावर आच पारखायची, मग आधी कॉलर, नंतर बाह्या. सूत आणि पॉलिस्टर मिसळलेलं टेरिकॉट आलं तेव्हा या पारखीचा कस लागला. सुताला २०० अंशांपर्यंतची आच चालते, पॉलिस्टर तेवढ्या आचेला आक्रसतं, चिकटतं. कोळशाच्या इस्त्रीला आच कमीजास्त करणारं बटण नसतं. सगळी भिस्त माणसाच्या हातावर.

विजेची इस्त्री घरोघरी पोचली, तरी कोळसा हटला नाही. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तर त्यानेच लोकांची लाज राखली.

आता स्टीमर आलाय, आणि सगळे विचारतात, तो खरंच चालतो का? चालतो, पण कापड बघून. पाणी आणि उष्णता मिळाली की सुताचे धागे सैल होतात आणि वाळताना ज्या आकारात धरले असतील त्याच आकारात बसतात. इस्त्री त्यांना वजनाखाली सपाट धरते. स्टीमरमध्ये कापड नुसतं लटकलेलं असतं. म्हणून जॉर्जेटची साडी, रेशीम, लोकरीचा कोट, पॉलिस्टरचा ड्रेस यांच्या चुण्या तो छान काढतो. जाड कॉटनच्या पँटवर मात्र कडक घडी त्याच्याने बसत नाही. खोक्यावरचे आकडेही तपासून बघा: १५०० वॅटमध्ये मिनिटाला जेमतेम ३५ ग्रॅम पाण्याची वाफ होते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती पाण्याची. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतो. बोअरचं पाणी स्टीमरमध्ये घातलं की आत क्षार धरतात, वाफेची भोकं बुजतात आणि गडद कपड्यावर पांढरे डाग पडतात. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरा, नाहीतर यंत्र लवकर निकामी होईल.

मे २०२४ मध्ये सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेत वीज वाचवण्यासाठी सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालण्याची मोहीम सुरू झाल्याची बातमी आली. मला हे मनापासून पटतं. चुरगळलेल्या सदऱ्यावरून माणसाची किंमत ठरवायची सवय आपल्याला उगीचच लागली आहे. पण ती सवय मोडायची तर सुरुवात साहेबांनी करावी. मुलाखतीला निघालेल्या गरिबाच्या पोराने नव्हे.

तोवर माझं मत स्पष्ट आहे. घरात साड्या आणि नाजूक कपडे बरेच असतील तर स्टीमर जरूर घ्या. कॉटनचे सदरे आणि मुलांचे गणवेश नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याकडेच टाका, आणि कपड्यामागे तो रुपया-दोन रुपये वाढवून मागेल तेव्हा घासाघीस करू नका.