नुकतीच वाचलेली कादंबरी : सहवाचकाला नेमके काय सांगावे?

वाचून झालेली कादंबरी दुसऱ्याच्या हाती देताना ‘कशी वाटली?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि त्याची उत्तरेही बहुधा ठरलेली असतात : ‘छान आहे’, ‘वाचायला हरकत नाही’ किंवा ‘काही खास नाही’. अशा उत्तरातून विचारणाऱ्याला पुस्तकाचा अंदाज येत नाही आणि सांगणाऱ्यालाही आपल्याला नेमके काय भावले याचा विचार करावा लागत नाही. पुरस्कार, जाहिरात आणि वृत्तपत्रातील परीक्षण यांचा लाभ मोजक्याच पुस्तकांना मिळतो. उरलेल्या कादंबऱ्या एका वाचकाने दुसऱ्याला सांगितले तरच कपाटाबाहेर येतात. त्यामुळे सहज बोलून दाखविलेल्या मतावरही एखाद्या पुस्तकाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते.

समीक्षा वेगळी, अभिप्राय वेगळा

आपले मत सांगण्यास अनेक वाचक संकोचतात. साहित्याची परिभाषा आपल्याला येत नाही, मग आपण काय बोलावे, असे त्यांना वाटते. हा संकोच समीक्षा आणि अभिप्राय यांतील भेद लक्षात न घेतल्याने निर्माण होतो. समीक्षक कादंबरीची रचना, तिची भाषा, परंपरेतील तिचे स्थान यांचा विचार करून मूल्यनिर्णय देतो. वाचकाचा अभिप्राय मात्र निर्णय नसून नोंद असते. पुस्तक वाचताना आपले काय झाले, एवढेच त्याला सांगायचे असते. कोठे वाचन रेंगाळले, कोठे पाने भराभर उलटली गेली, कोणत्या पात्राचा राग आला, कोणता प्रसंग दुसऱ्या दिवशी कामाच्या गडबडीतही आठवत राहिला, या गोष्टी सांगण्यासाठी परिभाषेची आवश्यकता नसते. त्या प्रामाणिकपणे सांगितल्या तर ऐकणाऱ्याला आपल्या आवडीनिवडीशी त्या ताडून पाहता येतात.

एकच कादंबरी, निरनिराळी वाचने

वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि पुढे १९७४ चे ज्ञानपीठ तिला लाभले. मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वतःच सांगतात. त्यामुळे वाचक कोणाच्या बाजूने उभा राहतो, यावर त्याचे मत ठरते. एखाद्याला देवयानी केवळ अहंकारी वाटते, तर दुसऱ्याला तिच्या संतापामागचा अपमान दिसतो. विशीत वाचताना कचाचा संयम आदर्श भासतो, तर पन्नाशीत ययातीची अतृप्ती अधिक ओळखीची वाटू शकते. यांतील कोणतेही मत चुकीचे ठरत नाही. मात्र ते कोणत्या वयात आणि कोणाच्या बाजूने झालेले वाचन आहे, हे सांगितले तर ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. ‘मला देवयानीची बाजू पटली’ या एका वाक्यावर तासभर बोलता येते. ‘छान आहे’ या शेऱ्यावर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

अर्धवट सोडलेले पुस्तक

एखादी गाजलेली कादंबरी पूर्ण झाली नाही, हे कबूल करणे अनेकांना कमीपणाचे वाटते. वस्तुतः कोठे आणि का थांबलो, ही अत्यंत उपयुक्त माहिती असते. गोवा विद्यापीठातही अध्यापन केलेल्या भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली. खेड्यातून शिक्षणासाठी पुण्याला गेलेल्या पांडुरंग सांगवीकर या तरुणाचे हे आत्मकथन आहे. घटनांची चढती साखळी आणि शेवटी उकल, अशा मांडणीची सवय असलेल्या वाचकाला ती विस्कळीत वाटण्याचा संभव आहे. तिच्यातील तिरकस विनोद ज्याला भिडतो, त्याला तोच विस्कळीतपणा खरा वाटतो. ‘मी शंभर पानांनंतर थांबलो, कारण कथानक पुढे सरकेना’ असे कोणी सांगितले, तर कथानकाची फारशी पर्वा नसलेला श्रोता नेमक्या त्याच कारणासाठी पुस्तक मागून घेईल. नापसंतीचे कारण स्पष्ट असेल, तर तीसुद्धा अशी शिफारस ठरू शकते. कारण न देता ‘कंटाळवाणी आहे’ म्हटले, तर एक वाचक पुस्तकापासून विनाकारण दुरावतो.

शेवट कितपत सांगावा?

सहवाचकाचा आनंद हिरावून घेऊ नये, हा या गप्पांमधील साधा शिष्टाचार आहे. पण त्याचे प्रमाण प्रत्येक पुस्तकासाठी सारखे नसते. महाभारतातील कथा ठाऊक असल्याने ‘ययाति’चा शेवट सांगितल्याने फारसे बिघडत नाही. तेथे उत्सुकता घटनेपेक्षा तिच्या अर्थाची असते. विश्राम बेडेकर यांच्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रणांगण’चे तसे नाही. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि हॅर्टा ही जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू युवती यांची भेट होते. महायुद्धाची छाया सर्वत्र पसरलेली असते. नव्या वाचकाला एवढे सांगणे पुरेसे आहे. पुढचे सांगितले, तर या छोट्या कादंबरीचा घाव बोथट होतो. कथानकाची सुरुवात, काळ आणि वातावरण सांगावे, मात्र प्रवास कोठे संपतो ते वाचकावर सोडावे, असे प्रमाण साधारणपणे योग्य ठरते.

गोव्यातील वाचकाचे वेगळेपण

गोव्यातील मराठी वाचक बहुधा एकाच भाषेपुरता वाचक नसतो. त्याच्या गप्पांत मराठीबरोबर कोंकणी कादंबरीही सहज येते. दामोदर मावजो यांच्या ‘कार्मेलीन’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढे मावजो ५७ व्या ज्ञानपीठाचे मानकरी झाले. घरकामासाठी कुवेतला जाणाऱ्या गोमंतकीय स्त्रीची ही कथा आहे. ज्या घरातील कोणी आखातात राबले आहे, तेथील वाचक ही कादंबरी निराळ्या जाणिवेने वाचणार. त्याने आपले मत मांडताना हा अनुभव मोकळेपणाने सांगितला, तर त्याच्या मताला खोली येते.

काही कादंबऱ्यांविषयी बोलताना मात्र अधिक सावधपणा लागतो. महाबळेश्वर सैल यांची कोंकणी ‘युगसांवार’ मराठीत ‘तांडव’ या नावाने वाचकांपर्यंत पोहोचली. पोर्तुगीज राजवटीतील धर्मांतराचा काळ तिचा विषय आहे. तिच्यावर बोलणारे दोन वाचक एकाच गावातील, परंतु भिन्न धर्मांचे असू शकतात. अशा वेळी ‘कादंबरीतील अमुक प्रसंगाने मी हादरलो’ असे म्हणणे आणि ‘तुमच्या पूर्वजांनी असे केले’ असे म्हणणे, यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्या विधानात वाचनाचा अनुभव आहे. दुसरे विधान पुस्तक बाजूला सारून समोरच्या माणसालाच जाब विचारते. कादंबरी इतिहासाचा आधार घेते, परंतु पात्रांची मने लेखक कल्पनेने उभी करतो. हे भान दोघांनीही राखले, तर एरवी टाळला जाणारा विषयही एकत्र बसून बोलता येतो. एरवीच्या सार्वजनिक वादांत अशी संधी क्वचितच मिळते.

सुरुवात कोठून करावी?

यासाठी औपचारिक वाचक मंडळच हवे, असे नाही. कदंब बसमधील रोजचा प्रवास, चतुर्थीला घरी जमलेली माणसे किंवा ग्रंथालयात पुस्तके बदलताना भेटणारे परिचित चेहरे एवढेही पुरेसे आहे. पणजीच्या पाटो परिसरातील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते. त्याच्या कपाटांतून आणि तालुक्यातालुक्यातील ग्रंथालयांतून जुन्या कादंबऱ्या आजही वाचकांची वाट पाहत आहेत. नव्या पुस्तकांवर कोठे ना कोठे लिहिले जाते. पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या चांगल्या कादंबरीबद्दल मात्र ती वाचलेला माणूसच बोलू शकतो.

पुस्तक परत करण्यापूर्वी वहीत तीन ओळी लिहून ठेवण्याची सवय येथे उपयोगी पडते. पहिल्या ओळीत लक्षात राहिलेला एक प्रसंग, दुसरीत न पटलेली एक गोष्ट आणि तिसरीत हे पुस्तक कोणाला आवडेल त्या परिचिताचे नाव लिहावे. तिसरी ओळ लिहिताना समोरच्या माणसाची आवड डोळ्यांपुढे आणावी लागते आणि ‘छान आहे’ या उत्तराने भागत नाही. नंतर त्या परिचिताची भेट झाली, की पहिल्या दोन ओळी त्याला सांगाव्यात आणि पुस्तक कोणत्या ग्रंथालयात मिळेल तेही सांगावे.