सोडून दिलेला चेंडू

डरहॅम बुल्सच्या मैदानावर डावीकडची ३२ फुटी निळी भिंत ओलांडून चेंडू गेला, की सगळे प्रेक्षक उभे राहतात. होम प्लेटच्या मागे बसलेले, खेळाडू पारखणारे स्काउट तेव्हा वहीत टिपत असतात, आणि ते बहुधा त्या फटक्याबद्दल नसतं. नॉर्थ कॅरोलिनातला हा टँपा बे रेजचा ट्रिपल-ए बेसबॉल संघ, मेजर लीगच्या एकच पायरी खालचा. इथला आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातला क्षेत्ररक्षक, मेजर लीग संघाच्या २६ जणांत बसेल का, हे स्काउटला सांगायचं असतं. ओळखीच्या एका स्काउटशेजारी बसून मी हे काम पाहिलं.

बॅटिंग, ताकद, धावण्याचा वेग, क्षेत्ररक्षण आणि थ्रो, या पाच गोष्टींना २० ते ८० गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. वेग मोजणं सोपं. उजव्या हाताचा बॅटर पहिल्या बेसपर्यंतचे ९० फूट साधारण ४.३ सेकंदांत गेला, की ५०. डावखुऱ्याला ४.२, कारण तो त्या बेसच्या जवळ उभा असतो.

बॅटिंगचे गुण देताना मात्र स्टॉपवॉच खिशात जातं. ताशी ९५ मैल वेगाचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदांत येतो. मारायचा की नाही, हे त्याच्या निम्म्या वेळात ठरतं. स्काउट पाहत होता ते न मारलेले चेंडू. शेवटच्या क्षणी बाहेर जाणाऱ्या स्लायडरवर बॅटरचा खांदा उघडतो का? दोन स्ट्राइक झाल्यावर त्याच चेंडूमागे तो जातो का? ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडण्याची किंमत आपल्याकडे क्रिकेट पाहणाऱ्यांना वेगळी सांगायला नको.

ही नजर नसेल तर काय होतं, याचं उदाहरण बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन. १९९४ मध्ये तो बर्मिंगहॅम बॅरन्सकडून डबल-एमध्ये, ट्रिपल-एच्या एक पायरी खाली, आउटफिल्डर होता. त्याने ३० बेस चोरले. पण बॅटिंगची सरासरी जेमतेम .२०२ आणि स्ट्राइकआउट ११४. वेग, ताकद, मेहनत, सगळं होतं. वळणारा चेंडू ओळखायला लागणारी वर्षं त्याने बास्केटबॉलला दिली होती.

आउटफिल्डरचं भवितव्य तो कुठे उभा राहतो यावरही ठरतं. डाव्या-उजव्या कडेच्या दोघांकडून धावा हव्या असतात. मधल्या सेंटर फिल्डरला बॅटिंगमध्ये थोडी सवलत मिळते, पण बॅटचा आवाज येताच त्याचं पहिलं पाऊल योग्य दिशेला पडायला हवं. याच मैदानावर घडलेला केव्हिन किअरमायर २०१० च्या ड्राफ्टमध्ये थेट ३१व्या फेरीत निवडला गेला होता. बॅटिंग बेताचीच, पण सेंटर फिल्डमधल्या खेळावर त्याने क्षेत्ररक्षणाचे चार गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवले. २०१३ मध्ये मेजर लीगमधलं त्याचं पदार्पणसुद्धा शेवटच्या डावात, फक्त क्षेत्ररक्षणासाठी झालं.

त्या संध्याकाळी आम्ही पाहत होतो तो मुलगा सेंटरसाठी जरा मंद होता, आणि कडेला खेळायचं तर त्याची बॅट अपुरी. अशांची मधल्यामध्ये कोंडी होते. त्याने एक लांब होम रन मारला, लोकांनी त्याचं नाव घेऊन गजर केला. पण पुढच्या दोन्ही खेपांना बाहेरच्या स्लायडरवर तो बॅट फिरवून बाद झाला. स्काउटने एकूण ४० लिहिले: राखीव, चौथा आउटफिल्डर. मला तो आकडा कठोर वाटला, पण चुकीचा वाटला नाही.