कुकडीचे रांजण आणि आपली माती



पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडीच्या पात्रात रांजणासारखे खोल खळगे आहेत. ते कुणी छिन्नीने कोरलेले नाहीत. पुराच्या भोवऱ्यात दगडगोटे गरगर फिरतात आणि खडक घासत राहतात. हजारो वर्षे हे चाललं, तेव्हा हे रांजण झाले.

हा खडक म्हणजे आपला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो बनला. ऊन, थंडी, पाऊस आणि झाडांची मुळं यांनी तो फुटतो. त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. इंचभर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात.

आता बघा, जे पाणी पाषाण झिजवतं, त्याच्यापुढे नांगरलेल्या भुसभुशीत मातीचा काय टिकाव लागणार? वळवाच्या एका सरीत ओढ्याला गढूळ पाणी येतं. ती तुमच्या रानातली वरची, कसदार माती असते. तिच्यासोबत खतही जातं.

यासाठी एवढं करा :

१. नांगरट व पेरणी उताराला आडवी करा.
२. फुटलेले बांध पावसाआधी सांधा. जादा पाण्यासाठी दगडी सांडवा ठेवा.
३. ओघळीत अनगड दगडांचे बांध घाला. सुरुवात माथ्यापासून करा.
४. बांधावर गवत राखा.
५. हलक्या रानात मटकी, हुलगा घ्या. जमीन झाकलेली राहते.

पुढचा मोठा पाऊस पडला की शिवारात फेरी मारा. पाणी कुठून धावतं ते पाहा आणि तिथूनच कामाला लागा.