हात लावून बघावे असे काही

माझे चुलतभाऊ अण्णा पंढरपूरहून परत आले की घरातली पोरे विचारायची, "अण्णा, देव बघितला का?" अण्णा सहज सांगायचे, "बघितला की. पावलं थंडगार होती." अण्णांना लहानपणी देवी आल्या, त्यात दोन्ही डोळे गेले. पण आमचे करकंब पंढरपूर तालुक्यातले, आणि पंढरीच्या विठोबाची रीत अशी की भक्ताने थेट पायांवर डोके ठेवायचे. डोळस माणसाला जे दर्शन, तेच अण्णांना. त्यामुळे 'बघणे' हा शब्द वापरताना ते कधी चाचरले नाहीत.

या अण्णांना मी एकदा एका मोठ्या शहरातले वस्तुसंग्रहालय दाखवायला नेले. तेव्हा मी बँकेत होतो, बदलीच्या गावी बिऱ्हाड होते आणि अण्णा चार दिवस राहायला आले होते. दारातच दहा-बारा पायऱ्या. त्या चढून आत गेलो, तर समोर पाटी : 'वस्तूंना हात लावू नये.' मी माहिती वाचून दाखवू लागलो. अमुक शतक, तमुक धातू. तिसऱ्या दालनात अण्णांनी एका कोरीव खांबाकडे हात नेला मात्र, पहारेकरी खेकसला. अण्णांनी हात मागे घेतला. म्हणाले, "तू बघून ये. मी हितं बसतो." आणि मी, सांगायला आजही लाज वाटते, त्यांना तिकीट खिडकीजवळच्या बाकावर बसवून उरलेली दालने एकटा पाहून आलो. चांगला तासभर लावला. परतलो तेव्हा ते बाकावरून बोटे फिरवत होते. "सागवान हाय," एवढेच म्हणाले.

आता पहारेकऱ्याला तरी दोष कसा द्यावा? असंख्य हात लागले की दगडही झिजतो. विठ्ठलाच्या मूर्तीलासुद्धा झीज रोखण्यासाठी वज्रलेप करावा लागतो. २०२० साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी तो केला. पण मूर्ती झिजते म्हणून पंढरीत पदस्पर्श कायमचा बंद झाला नाही. मूर्तीही जपायची आणि भाविकालाही दूर लोटायचे नाही, अशी वाट काढली गेली. संग्रहालयांपुढची वाट तर याहून सोपी आहे. अस्सल वस्तू काचेआड राहू द्यावी, शेजारी तिची हुबेहूब प्रतिकृती ठेवावी. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ साली 'अनुभव' नावाचे दालन उघडले, ते याच विचाराने. संग्रहातल्या २२ वस्तूंच्या प्रतिकृती तिथे हात लावून पाहण्यासाठी मांडल्या. स्पेनमध्ये माद्रिदला अंधांच्या संघटनेने १९९२ साली सबंध संग्रहालयच असे उभारले, की जिथे हात लावण्यासाठीच जायचे.

मी जन्मभर नोटा मोजल्या, म्हणून एक घरगुती दाखला देतो. शंभराची नोट घ्या आणि तिच्यावरून हलकेच बोट फिरवा. एक उठावाचा त्रिकोण लागेल. पाचशेच्या नोटेवर वर्तुळ. १९९६ साली आलेल्या गांधीजींच्या चित्राच्या नोटांपासून ही सोय आहे. नोट जुनी झाली की त्रिकोण पुसट होतो, ही अण्णांची तक्रार खरी आहे. तरी नोट छापताना कुणीतरी अण्णांचा विचार केला, हे महत्त्वाचे.

प्रश्न केवळ अंधांचाही नाही. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात सुमारे तीस लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. कुणाला पायऱ्या अडवतात, कुणाला खुणांच्या भाषेत सांगणारे माणूस हवे असते, कुणा मुलाला गर्दी-गोंगाट सोसत नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले, आणि कला व संस्कृती सर्वांना खुली असावी, हेही त्यात आले. इमारती सुगम करण्याचे नियम नुसते शिफारसवजा नकोत, बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले.

पण माझ्या मनात वेगळेच आहे. आपण हे सारे 'त्यांच्या सोयीसाठी' म्हणून बोलतो. गेल्या वर्षी गावातल्या एका शाळेने घरोघरच्या जुन्या वस्तू मागवून एका खोलीत मांडल्या. पायली, शेर, मापटे, चिपटे, मोटेचा नाडा, पेरणीच्या पांभरीचे चाडे, एक जाते. मी अण्णांना घेऊन गेलो. त्यांनी जात्याची वरची तळी उचलायला लावली, आतून तळवा फिरवला आणि म्हणाले, "टाकी लावून लई वर्सं झाली. ह्याच्यावर दळलं तर नुसता भरडा पडंल." मी ते जाते दहा वेळा पाहिले होते. मला फक्त जाते दिसले होते. पोरांनी डोळे मिटून तळीवर हात ठेवले आणि गुळगुळीत म्हणजे काय, ते त्यांना कळले. मग अण्णांनी मापे हातात घेऊन दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली असा हिशेब घातला. बँकेतल्या माणसालाही तो तोंडपाठ नव्हता.

तेव्हा उमगले, की त्या दिवशी बाकावर बसवल्याने नुकसान एकट्या अण्णांचे झाले नव्हते. त्या खांबाबद्दल त्यांच्या बोटांनी काय सांगितले असते, ते मला कधीच कळणार नाही.

अण्णा आता पंच्याहत्तरी ओलांडून गेले. गुडघे थकले. शाळेच्या त्या खोलीला तीन पायऱ्या आहेत, दीड फुटांची चढण. एका फुटाला बारा फूट या हिशेबाने अठरा फूट लांबीची उतरण लागेल. खर्च फार नाही. पेन्शनरांनी मनात आणले तर होईल. मी माझा वाटा दिला आहे, बाकीचे जमते आहे. तोवर दोन पोरे अण्णांना खुर्चीसकट उचलून आत नेतात. ते अण्णांना मुळीच आवडत नाही.