विश्लेषण : अमेरिकेत घरी शिकलेल्या मुलांची गुणपत्रिका पालकच कशी तयार करतात?

भारतात घरी शिकणाऱ्या मुलांना ‘एनआयओएस’ची दहावी-बारावीची परीक्षा देता येते आणि मंडळाची गुणपत्रिका मिळते. अमेरिकेत अशी राष्ट्रीय बोर्ड परीक्षा नाही. तेथे ५० राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर आहे, पण नियम राज्यागणिक वेगळे आहेत. त्यामुळे कॉलेज प्रवेशासाठी लागणारी ‘ट्रान्सक्रिप्ट’ बहुतेकदा आई-वडीलच तयार करतात.

त्यात काय असते?
नववी ते बारावीचे विषय, प्रत्येकाचे क्रेडिट, श्रेणी आणि एकूण सरासरी, म्हणजे ‘जीपीए’. वर्षभराच्या विषयाला साधारण १ क्रेडिट, तर सहामाही विषयाला अर्धे. १ क्रेडिटसाठी ढोबळमानाने १२० ते १८० तासांचा अभ्यास धरतात.

‘जीपीए’ कसा काढतात?
‘ए’ श्रेणीला ४ गुण, ‘बी’ला ३, ‘सी’ला २. समजा, बीजगणितात ‘ए’ (१ क्रेडिट) आणि चित्रकलेत ‘बी’ (अर्धे क्रेडिट) आहे. मग ४ अधिक १.५ म्हणजे ५.५. त्याला एकूण १.५ क्रेडिटने भागले की ३.६७.

घरच्या श्रेणीवर विश्वास कसा ठेवायचा?
कॉलेजे ‘एसएटी’, ‘एपी’ अशा बाहेरच्या परीक्षांचे गुण आणि कम्युनिटी कॉलेजात केलेले विषय ताडून पाहू शकतात. म्हणून पुस्तकांची यादी, निबंध, प्रयोगवह्या जपून ठेवाव्या लागतात. ट्रान्सक्रिप्टवर पालकांची सही आणि तारीख असते.

चूक कुठे होते?
सगळे बारावीत आठवून लिहायला बसल्यावर. नववीपासून नोंद नसेल, तर चार वर्षे अभ्यास करूनही मुलाकडे दाखवायला कागद उरत नाही.