हृदयासाठी श्रम : पाण्यात की जमिनीवर?

धाप लागेल इतका व्यायाम दुर्बल हृदयास घातकच ठरतो, असा समज दीर्घकाळ रूढ होता. २००७ साली नॉर्वेमधील ट्रॉन्डहाइम येथे उलरिक विस्लॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २७ वयोवृद्ध रुग्णांचे गट पाडून, वैद्यकीय देखरेखीखाली, हा समज तपासला. एका गटाने फिरत्या पट्ट्यावर चार मिनिटे वेगाने व तीन मिनिटे सावकाश, अशा चार फेऱ्या केल्या. बारा आठवड्यांत या गटाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता ४६ टक्क्यांनी वाढली. संथ गतीने चालणाऱ्यांची १४ टक्क्यांनी.

तथापि ज्याचे गुडघे झिजले आहेत त्याने वेगाने चालावे कसे? येथे पाणी उपयोगी पडते. छातीइतक्या पाण्यात पायांवर शरीराचा जेमतेम एक-तृतीयांश भार उरतो. शिवाय पाणी हवेहून सुमारे ८०० पट घन असल्यामुळे त्यातून नुसते चालणेही श्रमाचे होते. वेग दुप्पट केल्यास विरोध सुमारे चौपट होतो. यासाठी पोहता आलेच पाहिजे असे नाही.

मात्र पाण्यात नाडी फसवते. पाण्याच्या दाबाने पायांतील व पोटातील रक्त वर लोटले जाते. गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाच्या छातीत सुमारे ७०० मिलिलिटर रक्त अधिक जमते. हृदय दर ठोक्यास जास्त रक्त फेकते, म्हणून तितक्याच श्रमास ठोके मिनिटाला बहुधा १० ते १५ने कमी पडतात. जमिनीवरचा आकडा पाण्यात गाठू पाहणारा नकळत मर्यादा ओलांडतो. त्यापेक्षा बोलण्याची साधी कसोटी बरी : दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, की श्रम जोराचे झाले असे समजावे.

हेच जादा रक्त काहींना बाधते. पायांवर सूज येणाऱ्या किंवा आडवे होताच दम लागणाऱ्या रुग्णांनी डॉक्टरांच्या संमतीशिवाय पाण्यात उतरू नये. थंडगार पाण्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब एकाएकी चढतो, हेही ध्यानात असावे.

हाडांच्या बळकटीसाठी मात्र जमिनीवरचे चालणेच सरस, कारण तेथे हाडांना भार पेलावा लागतो. गुडघे साथ देत असतील तर ते सोडू नये. पाण्यातील व्यायामासाठी तळ ठाऊक असलेली जागा व सोबतीला पोहणारा माणूस हवा. पावसाळ्यात नदी व समुद्र वर्ज्य समजावेत.