मूल दात खातंय? आधी त्याच्या नाकाकडे बघा

रात्री दीड-दोनच्या सुमाराला शेजारी झोपलेल्या मुलाच्या तोंडातून करकर आवाज येतो आणि दात तुटतात की काय, या धास्तीनं आईची झोप उडते. सकाळी घरातलं कुणीतरी मोठं माणूस निदान करून मोकळं होतं, ‘जंत झालेत, औषध द्या.’ औषध देऊन होतं. करकर मात्र थांबत नाही.

जंताचं औषध वाईट नव्हे. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल दिलं जातं. रक्त कमी होऊ नये, खाल्लेलं अंगी लागावं, यासाठी ते हवंच. पण जंतांमुळे मुलं दात खातात, याला ठोस पुरावा मिळालेला नाही. आणि जंतांवर भिस्त ठेवून घरं थांबतात, तोवर खरं कारण तसंच राहतं, याची मला काळजी वाटते.

झोपेत मेंदू मधूनमधून काही सेकंद अर्धवट जागा होतो. मुलाला त्याचा पत्ताही नसतो. त्या वेळी हृदयाचे ठोके वाढतात, पाठोपाठ जबड्याचे स्नायू ठरावीक लयीत आवळू लागतात आणि दातांवर दात घासले जातात. आपल्याला ऐकू येतो तो या साखळीचा शेवट. झोप चाळवणारी कुठलीही गोष्ट त्यामुळे दात खाणं वाढवू शकते. वाकडेतिकडे दात हेच मूळ, असं पूर्वी मानत. आता बहुतेक तज्ज्ञांनी ते मत सोडलं आहे.

झोप चाळवणाऱ्या गोष्टींत सगळ्यात दुर्लक्षित आहे ती श्वासाची अडचण. साधारण तीन ते सात या वयात टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडिनॉइड घशाच्या मानानं मोठे असतात. त्यात सततची सर्दी किंवा ॲलर्जी असली की नाक चोंदतं, मूल तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, मान मागे टाकतं, घामानं भिजतं. काही मुलं मोठी झाल्यावरही अंथरूण ओलं करतात, दिवसा चिडचिड करतात. आपण कौतुकानं म्हणतो, ‘कसा गाढ झोपलाय, घोरतोय बघ!’ रोज घोरणारं मूल गाढ झोपलेलं असतंच असं नाही. ते श्वासासाठी झगडत असू शकतं. वाढलेले टॉन्सिल-ॲडिनॉइड काढल्यावर बऱ्याच मुलांचं दात खाणं कमी झाल्याचं अभ्यासांत आढळलं आहे. घरातल्या विडी-सिगारेटच्या धुराशीही त्याचा संबंध दिसतो.

मनावरचा ताणही आहेच. शाळा बदलली, घरात धाकटं भावंड आलं, परीक्षा आली, आईवडिलांत रोज खटके उडू लागले, की बोलून न दाखवणाऱ्या मुलाचा जबडा रात्री आवळतो. आईवडिलांपैकी कुणी लहानपणी दात खात असेल, तर मुलात ती शक्यता वाढते. सेरेब्रल पाल्सी किंवा डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत हे जास्त दिसतं. अतिचंचलतेवरची आणि नैराश्यावरची काही औषधंही कारणीभूत ठरू शकतात. पण ती स्वतःच्या मनानं बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगावं.

नेमकी किती मुलं दात खातात? वेगवेगळ्या पाहण्यांत हे प्रमाण सुमारे साडेतीन टक्क्यांपासून चाळीस टक्क्यांपर्यंत आलं आहे. एवढी तफावत पडते, कारण माहिती बहुधा पालकांच्या सांगण्यावरून घेतलेली असते आणि मूल वेगळ्या खोलीत झोपत असेल तर त्यांना आवाज कळणार कसा! बहुतेकांची सवय वाढत्या वयाबरोबर आपोआप कमी होते. दुधाचे दात थोडे झिजले, तरी सहसा बिघडत नाही. वाढत्या जबड्याला अडथळा नको म्हणून रात्री दातांवर बसवायचं कव्हरही लहान मुलांना शक्यतो देत नाहीत. मात्र कायमचे दात झिजू लागले, थंड-गरम झोंबू लागलं, सकाळी जबडा किंवा डोकं दुखू लागलं, तर दंतवैद्यांकडे जायला हवं.

आणि मूल घोरत असेल, तर रात्री दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा. त्यात उघडं तोंड आणि छातीची हालचाल दिसली पाहिजे, आवाज ऐकू आला पाहिजे. बालरोगतज्ज्ञांना किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना तो दाखवा. दिवसा दवाखान्यात जागं बसलेलं मूल पाहून रात्रीचा श्वास त्यांना कळत नाही.